आजीच्या डब्यातली मण्यांची माळ: हे जुने ट्रेड बीड्स आहेत का? माहिती हवी आहे

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी. इथे जुनी नाणी, तिकिटं जमवणारे बरेच जण आहेत, त्यातल्या कुणाला मण्यांची माहिती असेल तर प्लीज सांगा, मी गेले पंधरा दिवस नेटवर शोधतेय आणि जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय.

आजीचं कपाट आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा एक जुना डबा निघाला. त्यात हिशेबाच्या वहीची काही पानं, मधे भोक असलेली तीन नाणी आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक माळ. माझे पणजोबा पूर्व आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेच्या हिशेबखात्यात कारकून होते, १९३४ च्या सुमाराला कायमचे परत आले, तेव्हा त्यांनी ती आणली एवढंच घरात माहितीय. आजीने ती कधी गळ्यात घातलेली आम्ही पाहिली नाही पण दर दिवाळीच्या साफसफाईत डबा काढायची, फडकं बदलायची आणि परत ठेवून द्यायची, आम्हाला हात लावू द्यायची नाही.

माळ अशी आहे. बरेचसे छोटे लाल मणी, ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि भोकाच्या तोंडाशी बघितलं तर आतून पांढरे दिसतात. मधे मधे पाच मोठे मणी, निळे, त्यावर पांढरे-लाल पट्टे, आणि टोकाकडून बघितलं की चक्क चांदणी दिसते. सात लांबट तांबूस नारिंगी मणी, सहा बाजूंचे, हे दगडाचे असावेत कारण हाताला गार लागतात. आणि तीन मोठे पिवळे, सुपारीएवढे, त्याला आजी अंबर म्हणायची. त्यातला एक सुटून डब्याच्या तळाशी पडलेला होता. दोरा काळपट आणि खरखरीत, सुती वाटत नाही.

ओळखीच्या एका सराफाला दाखवली तर तो म्हणाला सगळी काच आणि दगड आहे, ठेवून काय करणार. आणि आता आत्या म्हणतेय की माळ सोडू, आम्हा चौघी बहिणींना वाटून देऊ, प्रत्येकीचं कानातलं आणि एखादं पेंडंट होईल. वाईट कल्पना नाही खरंतर, पण मला कसंतरी होतंय. तर विचारायचंय की हे नक्की काय आहे, खरं जुनं आहे हे घरी कसं ओळखायचं, आणि धुवायची असेल तर कशाने? आई म्हणते व्हिनेगरमध्ये टाक.

गारगोटी

मृण्मयी, आधी ठळक अक्षरात: व्हिनेगर नको, आणि माळ सोडू नका. बाकी सगळं नंतर.

मी वीसेक वर्षं मणी जमवतोय, सुरुवात पुण्याच्या जुन्या बाजारातून झाली, रविवारी सकाळी लवकर जाऊन कुलपं आणि अडकित्ते मांडलेल्या पथारीवर बसून शोधायचो. त्यामुळे थोडं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

तुमचे लाल मणी म्हणजे ज्याला सगळीकडे व्हाइट हार्ट म्हणतात ते. व्हेनिसची काच. आत पांढऱ्या काचेचा गाभा आणि त्यावर लाल काचेचा पातळ थर, आतल्या पांढऱ्यामुळे लाल रंग असा उठून येतो की नुसत्या लाल काचेला ती झळाळी येत नाही, शिवाय महागडी लाल काच कमी लागते. याच्या आधीच्या काळातल्या मण्यांचा गाभा हिरवट असायचा, पांढरा गाभा साधारण १८३० नंतरचा. म्हणजे तुमचे त्यानंतरचे, आणि पणजोबांचा काळ बघता अगदी बरोबर बसतात. पूर्व आफ्रिकेत याला फार मान होता. रिचर्ड बर्टन १८५७ मध्ये झांजिबारकडून आत टांगानिका सरोवराकडे गेला त्याने मण्यांची मोठी यादीच दिली आहे, त्यात पांढऱ्यावर लाल चढवलेल्या या मण्याला तिथले लोक सामे-सामे म्हणतात आणि आणखी एक नाव आहे ज्याचा अर्थ होतो "गाव मोडणारे", कारण बायका त्यासाठी वेड्या व्हायच्या. त्यानेच लिहून ठेवलंय की प्रत्येक मुलखाची आवड वेगळी, एका ठिकाणी चालणारा मणी चार मुक्काम पुढे कुणी फुकट घेत नाही, आणि चुकीचा माल घेऊन गेलेला तांडा उपाशी मरायची वेळ यायची. मणी म्हणजे तिथे सुटे पैसे होते हो.

चांदणीवाले पाच म्हणजे शेव्हरॉन. हेही व्हेनिसचे, तिथल्या मुरानो बेटावरचे. व्हेनिसने १२९१ मध्ये आगीच्या भीतीने सगळ्या काचभट्ट्या शहरातून त्या बेटावर हलवल्या आणि हा मणी तिथे पंधराव्या शतकाच्या शेवटी शेवटी जन्माला आला. करायची रीत ऐका. वितळलेल्या काचेचा पोकळ गोळा चांदणीच्या आकाराच्या साच्यात दाबायचा, वर दुसऱ्या रंगाचा थर, परत साच्यात, परत थर. मग दोन माणसं त्या गोळ्याला दोन टोकांना धरून उलट्या दिशेने पळत सुटायची, की त्याची लांबच लांब नळी व्हायची. नळीचे तुकडे केले आणि टोकं घासली की आतली चांदणी उघडी पडते. तेव्हा ती चांदणी वर रंगवलेली नाही, मण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार आहे. थर मोजा. सर्वात जुन्यांत सात थर असतात, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्यांत बहुतेक चार. तुमचे चारचे निघतील असा माझा अंदाज, पण मोजा.

आता ओळखायचं कसं. मण्याचा चेहरा बघू नका, वेज बघा. वेज म्हणजे भोक, आमच्या आजीच्या पिढीत मोत्याला वेज पाडणं असंच म्हणायचे. चेहरा कुणीही नक्कल करतो, वेज खोटं बोलत नाही. दहा पटीचं भिंग घ्या, स्टेशनरीच्या दुकानातलं नको, घड्याळवाल्याकडचं. काचेच्या नळीपासून कापलेल्या मण्याचं भोक सरळ आणि आतून गुळगुळीत असतं, आणि काचेतले बुडबुडे, रेषा भोकाच्या दिशेने लांबट ओढलेल्या दिसतात. तारेवर गुंडाळून केलेल्या मण्यात त्याच रेषा भोकाभोवती गोल फिरतात. साच्यात दाबलेल्या मण्याला अंगावर शिवण असते, नखाला लागते. आणि खरोखर वापरलेल्या माळेत वेजाच्या कडा दोऱ्याने आणि शेजारच्या मण्याने झिजून गोलसर झालेल्या असतात, शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन मण्यांची टोकं एकमेकांत नीट बसतात, वाटी आणि बूड जसं बसावं तशी. ही जी जोडी आहे ना ती माळ सोडली की कायमची गेली. म्हणून म्हणतोय सोडू नका.

सराफांचं मनावर घेऊ नका, त्यांचा काटा सोन्याचा.

दगडाच्या सातांबद्दल मला जास्त उत्सुकता आहे, त्यांच्या वेजाचे फोटो टाका, मग लिहितो.

सुजय_ठाणे

भारी धागा. पण मुद्द्याचं कुणी बोललं नाही, किंमत किती येईल याची? आणि न्यूयॉर्कचं मॅनहॅटन बेट पण असेच काचेचे मणी देऊन विकत घेतलं होतं ना?

गारगोटी

सुजय, व्हाइट हार्टची साधी सर आजही बाहेर स्वस्तात मिळते, कोट्यवधी बनलेत. जुने सात थरांचे शेव्हरॉन असते तर गोष्ट वेगळी. या माळेची किंमत तिच्या एकत्र असण्यात आहे, कुठून आली, कुणी आणली, सोबत नाणी आणि वहीची पानं. सुटे केले तर शंभर ठिकाणी मिळतील तसे मणी उरतील.

मॅनहॅटनचं म्हणाल तर १६२६ च्या डच पत्रात ६० गिल्डर एवढाच उल्लेख आहे, मण्यांचा शब्दही नाही. मणी लोकांनी नंतर गोष्टीत ओवले.

अक्रावाला

मी अकरा वर्षं घानात होतो, औषधांच्या कंपनीत. तिथून दोन बॅगा भरून मणी आणलेत आणि बायको अजून बोलते त्यावरून, पण तिच्या गळ्यातही तेच असतात.

अक्राहून साधारण दोन तासांवर कोफोरिदुआ गाव आहे, तिथे दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा डोळे फिरले. सरीच्या सरी टांगलेल्या, आणि विकणाऱ्या बायका मणी हातात घेऊन दुसऱ्या मण्यावर हलकेच वाजवून आवाज ऐकणार. गारगोटीदादा म्हणतात ते वेजाचं शंभर टक्के खरं आहे, मला तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने पहिल्याच दिवशी मण्याच्या आत बोट दाखवून तेच शिकवलं होतं, तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला तिची भाषा येत नव्हती.

पण मला वेगळं सांगायचंय. आपण ट्रेड बीड्स म्हटलं की युरोपातून गेलेले एवढंच धरतो. तिथले क्रोबो लोक स्वतः मणी करतात, बाटल्या फोडून. मी ओदुमासेला भट्टीवर दिवसभर बसून बघितलंय. बिअरच्या, सोड्याच्या बाटल्या लोखंडी खलात कुटून मैद्यासारखी पूड करतात, चाळतात. मातीचा साचा असतो, आपल्या आप्पेपात्रासारखे खळगे असलेला, त्याला आतून पांढऱ्या मातीचा हात देतात म्हणजे काच चिकटत नाही. प्रत्येक खळग्याच्या मधोमध कसाव्याच्या पानाच्या देठाचा तुकडा उभा करायचा, भोवती वेगवेगळ्या रंगाची पूड चमच्याने थर थर भरायची. भट्टीत गेलं की काच एकजीव होते आणि देठ जळून जातो, झालं भोक तयार. किती साधी युक्ती! साचा बाहेर आला की गरम असतानाच सळईने मणी फिरवून गोल करायचा, मग दगडावर पाणी आणि वाळू घालून घासायचा. तो घासायचा आवाज मला अजून ऐकू येतो. क्रोबो मुली वयात आल्या की दिपो नावाचा विधी असतो, त्यात कमरेपासून गुडघ्यापर्यंत मण्यांचे पदर घालतात, आणि ते घराण्यातले जुने मणी असतात, पणजीचे, खापरपणजीचे. त्यातले व्हेनिसचे पण असतात आणि क्रोबो पण, घालणारीच्या दृष्टीने ते सगळे तिच्या घरचेच.

आणि एक, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. हेच मणी माणसं विकत घ्यायलाही वापरले गेलेत. केप कोस्टच्या किल्ल्यातल्या, गुलामांना डांबायच्या तळघरात उभं राहून आल्यावर मी काही महिने एकही मणी विकत घेतला नाही. नंतर परत सुरू केलं पण व्हेनिसचा मणी हातात घेताना ते आठवतंच.

मृण्मयी, फसवणुकीबद्दल सावध करतो. मी सुरुवातीला एका पर्यटनाच्या ठिकाणी एका दुकानातून "दीडशे वर्षं जुने" म्हणून फुलाफुलांचे मणी घेतले, चांगले पैसे मोजून. घरी येऊन दोरा काढला तर वेजात राखाडी मातीचा थर, नखाने खरवडला तर भुगा पडला, आणि कडा इतक्या धारदार की दोरा कापला जाईल. पुढे कळलं की हे आपल्याच उत्तर प्रदेशात, पुरदिलनगर वगैरे भागात बनलेले आहेत. ते कारागीर उत्तम काम करतात, त्यांचा काही दोष नाही, तार काढून घेता यावी म्हणून तारेला माती लावतात ती आत राहते. ते नवे म्हणून विकले तर मी आनंदाने घेईन. जुने सांगून विकणारा खोटं बोलतो.

मृण्मयी_नाशिक

बाप रे, काय काय लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी! दोनदा वाचून काढलं आणि आत्यालाही मोठ्याने वाचून दाखवलं.

काल बाबांच्या मित्राकडून घड्याळजीचं भिंग आणलं आणि खिडकीत बसले. शेव्हरॉनचे थर मोजले, चार आहेत. निळा, पांढरा, लाल आणि आत परत पांढरा. दादा तुमचा अंदाज बरोबर निघाला. लाल मण्यांच्या रेषा भोकाच्या दिशेने सरळ आहेत. आणि ते टोकात टोक बसायचं म्हणालात ते तर इतकं स्पष्ट दिसतंय, एका शेव्हरॉनच्या कडेला शेजारच्या दगडी मण्याने खळगाच पाडलाय.

अंबरबद्दल नेटवर गरम सुई टोचा असं होतं, ती हिंमत झाली नाही. त्याऐवजी सुटलेला जो मणी होता तो पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालून त्यात टाकून बघितला. बुडाला. तळाला जाऊन बसला. म्हणजे खोटं ना? आजीला कुणीतरी फसवलं होतं की काय असं वाटून वाईट वाटलं.

दगडाच्या मण्यांच्या वेजाचे फोटो टाकलेत, मला कळतंय ते सांगते: भोक दोन्ही बाजूंनी आलंय आणि मधे कुठेतरी एक पायरी आहे, म्हणजे दोन भोकं अगदी समोरासमोर आलेली नाहीत. आणि सहा बाजू सारख्या नाहीत, एक रुंद एक अरुंद.

गारगोटी

फोटो बघितले. मृण्मयी, हे खंबायतचे, म्हणजे गुजरातमधल्या खंबातचे अकीक आहेत असं मी जवळजवळ खात्रीने म्हणतो.

सांगतो का ते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ईदार-ओबरश्टाइन नावाच्या गावी ब्राझीलचा अकीक आणून रंगवून आफ्रिकेसाठी असेच मणी करायचे, पाणचक्कीवर फिरणाऱ्या मोठ्या वाळूच्या दगडांवर घासून. त्यांच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या. बोहेमियातले लोक तर लाल काच साच्यात दाबून त्याचीही नक्कल करायचे, ती शिवणीवरून कळते. तुमच्या मण्यांच्या बाजू कमी-जास्त आहेत, आणि वेजातली ती पायरी हाताने दोन्हीकडून पाडल्याची खूण.

मी २०११ मध्ये खंबातला गेलो होतो. दगड येतो तो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकड्यांतून, नर्मदेच्या जवळ. जमिनीतून निघतो तेव्हा लाल नसतो, मळकट पिवळा-तपकिरी, आपल्याकडच्या नांगरात येणाऱ्या गारगोटीसारखा. तो उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या धगीत भाजतात. दगडातल्या लोहाला आच लागली की तो लाल होतो, पाहिजे तसा रंग येईपर्यंत पुन्हा पुन्हा भाजतात. पुढचं काम बघून मी थक्क झालो. कारागीर जमिनीवर बसतो, समोर लोखंडाची टोकदार सळई तिरकी रोवलेली, दगड त्या टोकावर टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या छोट्या हातोडीने टिचकी मारल्यासारखं मारायचं. कपचा उडतो तो सळईच्या बाजूचा! शंभर टिचक्यांत मण्याचा आकार. वेज पाडायला धनुकलीने फिरवायचं ड्रिल, टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवलेले, आणि वरून थेंब थेंब पाणी. अर्धं इकडून, अर्धं तिकडून. तीच तुमची पायरी.

हे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसात दगडाची धूळ जाते, सिलिकोसिस होतो, तरुणपणी माणसं जातात. मी ज्या घरी बसलो होतो तिथे बाप नव्हता, चाळिशीच्या आत गेलेला, आणि मुलगा त्याच जागेवर बसून काम करत होता. जुना अकीक हातात घेतला की मला ते घर आठवतं.

आणि आता तुमच्या माळेचं. रतनपूरला बाबा घोर यांचा दर्गा आहे, अकीकाचा धंदा त्यांनी वाढवला असं मानतात. ते सिद्दी समाजाचे पीर, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या टेकडीतला दगड खंबातला घडला, गुजराती व्यापाऱ्यांच्या गलबतातून झांजिबार-मोंबासाला गेला, तिथे कुणाच्या तरी गळ्यात व्हेनिसच्या काचेशेजारी ओवला गेला, आणि तुमचे पणजोबा तो परत नाशिकला घेऊन आले. हे सात मणी माळेतून काढून कानातलं करायचं म्हणता?

पिवळ्यांचं: वाईट वाटून घेऊ नका. अंबर, म्हणजे आपला तृणमणी, त्या मिठाच्या पाण्यात तरंगतो. बुडाला म्हणजे बहुधा फिनॉलिक रेझिन, बेकेलाइटच्या जातीचं जुनं प्लास्टिक. १९२०-३० च्या दशकात जर्मनीहून हे मणी आफ्रिकेत भरपूर गेले, पणजोबांच्या वेळी बाजारात ताजा माल होता तो. आजीला कुणी फसवलं नाही, तिकडे सगळे त्याला अंबरच म्हणायचे. आता नव्वदेक वर्षांचे झाले, यांचेही जमवणारे आहेत. फक्त तो मणी साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसून ठेवा, मीठ राहायला नको. बाकी माळेला ओलंही करू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, बस.

तेरणाकाठ

मी सहसा नुसता वाचतो, आज लिहितो.

आमचं गाव तेरजवळ, धाराशिव जिल्हा. तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशी वहीत पैठण आणि तगरहून भडोचच्या (आजच्या भरूचच्या) बंदरात माल जायचा असं लिहिलंय, पैठणहून अकीकासारखा दगड आणि तगरहून कापड. लहानपणी पहिला मोठा पाऊस पडून गेला की आम्ही पोरं पांढरीत पळायचो. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची टेकाडाची माती, राखेसारखी. पावसाने वरचा थर धुतला की मणी उघडे पडायचे, बारीक लाल, निळे, हिरवे, काळे काचेचे, मोहरीपासून ज्वारीएवढे, एखादा अकीकाचा. आम्ही ओल्या मातीत गुडघे टेकून काडीने उचलायचो आणि काडेपेटीत भरायचो. माझ्या मोठ्या बहिणीने त्याची माळ करून बाहुलीला घातली होती. तेव्हा कुणाला काय माहीत!

नंतर पुण्याला शिकायला आलो, पुरातत्त्वाचे एक-दोन पेपर केले, तेव्हा कळलं की नेवासं, पैठण, भोकरदन, कोल्हापूरचं ब्रह्मपुरी सगळीकडे असे मणी निघालेत, आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित नावाच्या आपल्याच मराठी अभ्यासकाने आयुष्य घालवलंय यावर. अकीकावर क्षाराने पांढरी नक्षी उमटवलेल्या मण्यांवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९ चा आहे. तशा नक्षीचे हडप्पा काळातले मणी पार इराकमध्ये उरच्या राजघराण्याच्या कबरींत सापडलेत. म्हणजे आपल्या भागातला मणी चार-साडेचार हजार वर्षांपासून परदेशी जातोय, व्हेनिस फार नंतरचं.

एवढं लिहायचं कारण म्हणजे सुजयसारखं कुणी हे वाचून उद्या पांढर उकरायला जाऊ नये. शेतात, टेकाडावर सापडलेल्या वस्तू आपल्या नसतात. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू धरली जाते, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. आजकाल ऑनलाइन "सातवाहन बीड्स" म्हणून पिशवीने विकतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. त्यातले निम्मे खोटे असतील तरी उरलेले कुठल्या तरी पांढरीतून उपसलेले असतात, कुठल्या थरातून, कशाच्या शेजारी, सगळं पुसून. ज्या मण्याचं ठिकाण हरवलं तो मुका झाला. काही जण म्हणतील की नाहीतरी नांगराखाली जातातच, आम्ही निदान वाचवतो. तर मग तेरच्या संग्रहालयात द्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातून अशाच वस्तू गोळा केल्या, आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय तेरमध्ये उभं आहे. आमची काडेपेटी मीही तिथेच नेऊन दिली, बहिणीला विचारून.

मृण्मयी ताई, तुमची माळ घरची आहे, तुम्हाला अडचण नाही. फक्त कुणा परदेशातल्या नातेवाइकाला भेट पाठवायचं ठरलं तर आधी चौकशी करा. आणि वहीची पानं नीट वाचा, मण्यांइतकीच ती महत्त्वाची.

अक्रावाला

तेरणाकाठ, पांढरीचं वाचून अंगावर काटा आला. लिहीत जा हो.

मृण्मयी, दोऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. खरखरीत म्हणालीस. पश्चिम आफ्रिकेत बाजारातल्या सरी राफिया ताडाच्या पात्याच्या धाग्यावर ओवलेल्या असतात, तुमच्या माळेच्या बाजूला, म्हणजे पूर्व आफ्रिकेत, घायपात पण असू शकतो, त्याची तिकडे मोठी लागवड होती. भिंगाखाली बघ, ताडाचा असेल तर चपट्या फितीसारखा दिसेल, घायपाताचा गोल तंतूंचा. दोरा टिकत नसेल तर नव्या दोऱ्यात ओव पण जुना जपून ठेव.

मृण्मयी_नाशिक

चपट्या फितीसारखा आहे! तीन फिती एकत्र पिळलेल्या.

काल आत्या स्वतः भिंग घेऊन तासभर बसली होती. अकीकाच्या वेजातली पायरी तिला दिसली तेव्हा नुसती बघतच राहिली, मग म्हणाली की कानातली आपण बाजारातून घेऊ. माळ चौघींची, पण अख्खी, दर दिवाळीला एकीकडून दुसरीकडे जाईल, डब्यासकट. पहिल्या वर्षी माझ्याकडे.

दोरा दोन ठिकाणी तुटायला आलाय म्हणून ओवून घ्यावीच लागेल. नाशिकमध्ये एक म्हातारे पटवेकरी आहेत, आईच्या मंगळसूत्राची पोत तेच ओवतात, त्यांना विचारलं तर म्हणाले की रेशमात ओवू आणि दगडाच्या मण्याच्या दोन्ही बाजूंना गाठ मारू, म्हणजे काचेला घासणार नाही. दादा, हे चालेल ना? पण गाठ मारली तर ती टोकात टोक बसलेली जोडी सुटेल, म्हणून थांबलेय.

वहीत एक ओळ मिळालीय. मोडीत आहे, बाबांच्या ओळखीच्या एका गुरुजींनी वाचून दिली: "माळ १, शिलिंग ४, सौ. साठी." पणजीसाठी आणली होती. पुढे तारीख आहे पण कागद तिथेच दुमडून फाटलाय.

गारगोटी

गाठ फक्त जिथे दगड आणि काच शेजारी आहेत तिथेच, आणि अगदी बारीक, एका पदराची. जिथे काचेला काच आहे तिथे गाठ नको, त्या जोड्या तशाच राहू देत. सोडायच्या आधी माळ पांढऱ्या कापडावर पसरून दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि थर्माकोलच्या पट्टीवर टाचण्या टोचून मणी त्याच क्रमाने ठेवत जा, कुठला मणी कुठल्या तोंडाने होता तेही, नाहीतर जोडी उलटी होते. पटवेकरीकाकांना आधीच सांगा की मोठ्यापासून लहान असं लावायचं नाही, त्यांचा हात सवयीने तिकडे जाईल.

सुटलेला पिवळा मणी कुठे होता ते शोधा. शेजारच्या मण्याच्या टोकावर त्याची झीज असेल.